चार हातांचं काम

चादर उचलताना मला वाटलं होतं, खाली धूळ साचली असेल. धूळ नव्हती. जुनं धोतर जसं पसरलं होतं तसंच होतं, आणि त्याच्यावर डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडलेले इंजिनाचे भाग. मी पदर खोचला, पाटावर बसले आणि पहिली वस्तू हातात घेतली, तोच मागून आवाज आला.

"उजव्या अंगानं सुरुवात करायची असती."

पडवीच्या दारात आबा उभे होते. आबा म्हणजे माझे सासरे. ते बघत होते मात्र परसातल्या पेरूकडे. आमच्या घरात सुनेला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. आबा झाडाशी, भिंतीशी, नाहीतर मांजराशी बोलायचे आणि उत्तर मी द्यायचे. लग्न होऊन कोल्हापूरला आले तेव्हापासून हे असंच चालू होतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

"काढताना डावीकडनं मांडत न्यायचं. जोडताना उजवीकडनं उचलत यायचं," आबांनी पेरूला सांगितलं. "मधलं काय हललं असंल तर झालंच मग."

"काही हललेलं नाही. दिवाळीचा केरसुद्धा मी वळसा घालून काढलाय."

"आणि जोडणार कोण म्हणं?"

"मी."

आबा हसले. वर्षभरात पहिल्यांदाच हसले, पण ते हसणं काही माझ्या कौतुकाचं नव्हतं. "चोळी शिवायची न्हाई म्हणावं ह्यात."

"शाळेतली सगळी शिवणयंत्रं मीच उघडते आणि मीच जोडते," मी म्हटलं. मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायचे आणि त्या यंत्रांना माझ्याशिवाय कुणी हात लावलेला मला खपत नसे. आबा पेरूकडून वळले. आत जाऊन स्वतःची खुर्ची ओढत आणली आणि पडवीत टाकली.

ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. हे म्हणजे माझे यजमान, प्रताप. ऐन गणपतीत छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. त्याच्या थोडे दिवस आधी ह्यांनी आणि आबांनी मिळून जावा मोटारसायकलचं इंजिन उघडलं होतं. ती गाडी आबांची. उद्यमनगरात फिटर होते तेव्हा घेतलेली, आणि बापलेक दर दोन-तीन वर्षांनी तिला उघडून बसत. गरज असो वा नसो. त्या वेळी उघडलेलं इंजिन मग तसंच राहिलं. चाकं, टाकी, सांगाडा एका कोपऱ्यात आणि इंजिन धोतरावर.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिघांच्या घरातला बोलका माणूस गेला आणि एकमेकांशी न बोलणारे दोघे उरले. सकाळी मी चहा ठेवायचे, आबा भिंतीला "साखर कमी हाय" सांगायचे. संध्याकाळी मी भाकरी वाढायचे, आबा मांजराला "बास" म्हणायचे. मधला सगळा वेळ रेडिओ बोलायचा.

आणि आता तेही संपणार होतं. नाशिकच्या वत्सला वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, दसऱ्याला येऊन आबांना कायमचं घेऊन जाणार होत्या. तसं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नाही. आबांना विचारलं असेल असंही वाटत नाही. लेक बापाला नेते म्हटल्यावर सुनेनं काय म्हणायचं असतं? लोक तर म्हणत होते, सुटलीस. मी मात्र मनातून घाबरून गेले होते. शाळेतून यायचं, आपणच लावलेलं कुलूप आपणच उघडायचं, आणि आत गेल्यावर "साखर कमी हाय" म्हणणारंसुद्धा कुणी नसायचं.  पण आबांना "जाऊ नका" म्हणणं माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. पेरूच्या झाडाला कसं सांगणार?

म्हणून मी इंजिनाला हात घातला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची आणि गाडीची पूजा असते आणि उघड्या यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही असा आबांचा दंडक होता. आदल्या वर्षी दुखवट्यामुळं पूजा झालीच नव्हती. यंदा तरी व्हावी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं.

आबांचे हात थरथरायचे. चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागायची. त्यामुळे सांगायचं त्यांनी आणि करायचं मी, असं आपसूक ठरलं. शाळा दुपारची होती, म्हणून सकाळी स्वयंपाक आटोपला की मी पडवीत बसायचे. आबा आधीच खुर्चीत येऊन बसलेले असायचे, आणि मला उशीर झाला की मांजराला रागवायचे.

"केस तापवायला पायजे," एका सकाळी ते म्हणाले. "बेअरिंग गार आणि केस गरम. मग हातोडी लागत न्हाई. अल्लाद बसतंय."

केस म्हणजे इंजिनाचं बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच. ते मी गॅसवर ठेवलं, आमटीच्या शेगडीवर. बेअरिंग रात्रीच फ्रीजमध्ये गेलं होतं, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. शेजारच्या पारूकाकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बया, काय शिजतंय ह्ये?"

"इंजिन," मी म्हटलं. "बसा काकू, होतच आलंय."

काकू काही बसल्या नाहीत. आबा आतून म्हणाले, "पाण्याचा थेंब टाकून बघावं. नाचला की झालं." थेंब नाचला. मी जाड फडक्यात केस धरून पडवीत पळत आले, फ्रीजमधलं बेअरिंग वर ठेवलं, आणि ते खरोखर हात न लावता आपल्या जागी जाऊन बसलं. इतका बारीक, इतका समाधानाचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. आबा मांजराकडे बघत म्हणाले, "जमतंय की."

तो दिवस मला फार चांगला गेला. शाळेत जाताना मी गुणगुणत होते, आणि चपराशानं विचारलं, बाई, आज काय विशेष? सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

वन्संचा फोन रोज यायचा. कधी सकाळी, कधी मी शाळेतून आले की लगेच. "आबांची औषधं एका डब्यात भर." "त्यांचे गरम कपडे वर काढ, नाशकात थंडी फार." "त्यांना पेरू देत जाऊ नकोस, खोकला होतो." मी हो हो म्हणायचे आणि रिसीव्हर जरा जोरातच ठेवायचे. बाईला दुसरा उद्योग नाही, असं मला वाटायचं. माझ्या घरावर नाशिकहून हुकूम सोडतेय.

एकदा फोन ठेवून पडवीत आले तर आबा ओळीतल्या उरलेल्या भागांकडे बघत होते. धोतर बरंचसं रिकामं झालं होतं. क्रँक बसला होता, केसचे दोन्ही भाग एकमेकांना जोडून झाले होते, गिअर, क्लच सगळं आत गेलं होतं.

"वन्संचा फोन होता," मी म्हटलं.

"व्हय."

"गरम कपडे काढून ठेवायला सांगितलेत."

"ठेवावं की मग."

एवढंच. मी पाना उचलला. आबांनी थोड्या वेळानं मांजराला सांगितलं, "उद्या ब्लॉक बसवायचा. ते एकट्या माणसाचं काम न्हाई. चार हात लागत्यात."

हे वाक्य मला पाठ होतं. बापलेक इंजिन घेऊन बसले की हे आतल्या घरात ओरडून सांगायचे, "चहा जास्तीचा टाक गं, आज चार हातांचं काम आहे!" एरवी बापलेकांत फारसं बोलणं नव्हतं. हे कापडाच्या दुकानात, आबा घरात. समोरासमोर आले की दोघं दोन दिशांना बघणार. पण ब्लॉक बसवायच्या दिवशी पडवीतून त्यांच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. काय हसतात एवढं, असं मला नेहमी वाटायचं आणि मी कधी जाऊन बघितलं नाही.

ब्लॉक म्हणजे बिडाचं जड सिलिंडर. पिस्टन उभा असतो, त्याच्या खाचांत स्प्रिंगसारख्या फाकलेल्या रिंगा असतात. एकानं त्या बोटांनी चहूबाजूंनी दाबून धरायच्या आणि दुसऱ्यानं वरून ब्लॉक सरळ खाली सोडायचा. रिंग जरा निसटली की ब्लॉकच्या कडेला अडकते आणि जोर केला तर मोडते. जुन्या गाडीची रिंग मोडली की दुसरी कुठं शोधायची?

दुसऱ्या दिवशी मी रिंगा दाबल्या आणि आबांनी ब्लॉक धरला. त्यांचे हात थरथरत होते, त्यांच्याबरोबर ब्लॉक थरथरत होता, आणि माझी बोटं त्याच्याखाली चेंगरत होती. पुन्हा केलं. पुन्हा चेंगरली. नख काळं पडायला लागलं. आबांच्या कपाळावर घाम आला होता आणि त्यांना स्वतःच्या हातांचा फार संताप आला होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "उद्या बघू."

"उद्या न्हाई. हात बदलू. ब्लॉक तू घे."

मी ब्लॉक घेतला. आबा खुर्चीवरून खाली उतरले, कष्टानं मांडी घालून बसले आणि त्यांनी रिंगांभोवती बोटं ठेवली. आयुष्यभर लोखंड हाताळलेली बोटं. रिंगांना लागली आणि थरथर थांबली म्हणणार नाही मी, पण तिला दिशा आली. मी ब्लॉक टेकवला. पहिली रिंग आत गेली. दुसरीपाशी अडलं.

"थांब. जरा वर. आता हलक्यानं..." आणि मग एकदम, "शकू, सोड! सोड!"

मी सोडला. ब्लॉक सरसर खाली जाऊन बसला. आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो. माझे हात ब्लॉकवर होते आणि त्यांचे खालून माझ्या हातांना टेकलेले होते. त्या घरात माझं नाव पहिल्यांदा कुणी वडीलधाऱ्यानं घेतलं होतं. आबांच्या ते लक्षातही आलं नसावं.

"प्रताप असताना," ते म्हणाले, आणि या वेळी भिंतीकडे नाही, ब्लॉककडे बघत म्हणाले, "ह्याच वक्ताला काय ते बोलणं व्हायचं आमचं. रिंगा धरल्या की माणसाला उठून जाता येत न्हाई."

मला रडू आलं. मी रडले. आबांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "चहा टाकावा म्हणतो." माझ्याऐवजी स्वतःच उठायला लागले, तेव्हा मी डोळे पुसून हसले. त्या क्षणी म्हणता आलं असतं, आबा, जाऊ नका. ओठांवर आलं होतं. मी जाऊन चहा टाकला.

इंजिन सांगाड्यात चढवायला दोन धट्टी माणसं लागतात. म्हणून रविवारी गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या बाळू मेस्त्रीला बोलावलं. तो एका माणसाला घेऊन आला, दोघांनी मिळून इंजिन उचललं, बोल्ट घातले. मग बाळूनं वाकून सगळीकडं बघितलं.

"वैनी, झकास जोडलंय. ब्लॉक कुणी बसवला?"

"आम्ही दोघांनी. मी आणि आबांनी. चार हात लागतात ना त्याला."

बाळू हसला. "चार कशाला? दोन पट्ट्या घ्यायच्या लाकडाच्या, पिस्टनखाली आडव्या सारायच्या. पिस्टन हलत न्हाई. एका हातानं रिंग दाबायची, एका हातानं ब्लॉक सोडायचा. एकटा माणूस बसवतोय. मला आबांनीच शिकवलंय, उद्यमनगरात असताना. आबा तर बोलत बोलत बसवायचे."

मी आत बघितलं. आबा दुपारचे पडले होते.

"मग ह्यांना का नाही शिकवलं?"

"दादांना? दादांना न येऊन कसं चालंल? माझ्या गॅरेजात येऊन किती ब्लॉक बसवल्यात दादांनी. एकट्यानं."

बाळू हात पुसून, चहा पिऊन निघून गेला. मी गाडीजवळ तशीच उभी राहिले. मला आधी राग आला, खरंच. काळ्या नखाकडे बघितलं आणि राग आला. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. बापाला माहीत होतं एकट्याला जमतं. लेकाला माहीत होतं एकट्याला जमतं. दोघांनीही ते एकमेकांना कधी कळू दिलं नाही, आणि चांगलं चालणारं इंजिन पुन्हा पुन्हा उघडत राहिले. माझ्या शेजारी येऊन बस, एवढं म्हणता येत नव्हतं म्हणून. आणि ज्या माणसाची बशी हातात राहत नव्हती, त्यानं मला तेच सांगून समोर बसवलं होतं.

वन्सं खंडेनवमीला सकाळी आल्या. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले, आबांच्या अंगावरचा सदरा जुना आहे म्हणून माझ्याकडे बघितलं आणि पडवीतली गाडी बघून मात्र गप्प झाल्या. किक आबांना जमेना म्हणून मी मारली. दोनदा नुसती फसफसली. तिसऱ्या वेळी धूर सोडला आणि लागली. तो आवाज ऐकून पारूकाकू धावत आल्या. आबांनी डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकलं आणि बोटानं खूण केली, बंद कर. मग मी गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. वन्सं भावाच्या आठवणीनं रडल्या. मीही रडले. आम्ही एकमेकींच्या जवळ मात्र गेलो नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी होती. आबांची ट्रंक दारात आली, औषधांचा डबा वर ठेवला. वन्सं म्हणाल्या, "चला आबा, उशीर होईल." आबा खुर्चीतून उठायला लागले. कुणाला विरोध करणं त्यांच्या अंगातच नव्हतं. मी गाडीकडे बघितलं. वाटलं, सांगावं की काहीतरी वाजतंय, पुन्हा उघडायला लागेल. मग वाटलं, बापलेक जन्मभर तेच करत आले आणि एक जण न सांगताच गेला.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. मला एकटीला इथं राहवणार नाही."

 माझे कान तापले होते. वन्संचं तोंड उघडंच राहिलं. आबा अर्धवट उठलेले होते, ते तसेच थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. म्हातारा माणूस इतका वेळ कुणाकडे बघत नाही.

"मग न्हाई जात," ते म्हणाले आणि खाली बसले.

"म्हणजे?" वन्सं म्हणाल्या. "मी काय त्यांना पळवून नेत होते?"

"तसं नाही वन्सं..."

"राहू दे. कळलं."

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. वाटेत त्या माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. नाशिकच्या गाडीत त्यांना खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभी होते. गाडी सुटायला वेळ होता.

"त्यांच्यासाठी मागच्या खोलीला रंग दिला होता," त्या अचानक म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "हे फिरतीवर असतात. आमचा अजय नोकरीला बंगलोरला. पोरगी सासरी. दिवसभर कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर घरात आवाज नसतो गं. म्हटलं, आबा असले तर निदान कुणाला तरी ओरडता येईल."

मी वर बघितलं. त्यांच्या मांडीवर आबांच्या कपड्यांसाठी आणलेली नवी पिशवी होती, घडीसुद्धा न मोडलेली. मला काहीतरी म्हणायचं होतं. ड्रायव्हर चढला, दार लागलं आणि गाडी निघाली. मी हात केला. त्यांनी केला नाही.

आबा त्यानंतर चार-पाच वर्षं होते आणि माझ्याशी माझ्याकडे बघून बोलत होते. पण मला ती वर्षं आठवायला लागलं की आधी आठवतो तो दसऱ्यानंतरचा महिना. वन्संचा रोजचा फोन बंद झाला होता. मी शाळेतून यायचे, फोनकडे बघायचे. आबा म्हणायचे, रागावली असंल, येईल फोन. आला नाही. मग एका संध्याकाळी मीच नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"काय झालं? आबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"औषधं संपली का?"

"नाही."

"मग काय काम होतं?"

"काहीच नाही वन्सं," मी म्हटलं.

 पलीकडून त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.